रिकामी गादी

तिच्या हाताला कंप म्हणून नव्हता. प्रयोगशाळेत सगळे तिला सुईबाईच म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं आठवायचं. काम एकच, लग्नाआधीपासूनचं. उंदराच्या मादीला नसबंदी केलेल्या नराजवळ ठेवायचं. गर्भ राहत नसे, पण शरीराची समजूत व्हायची की राहिला. मग भूल देऊन सुईने गर्भाशयात तेलाचा थेंब सोडायचा. तेवढ्या स्पर्शाने अस्तरातल्या साध्यासुध्या पेशी फुगत, एकमेकींना बिलगत आणि न आलेल्या पिल्लासाठी जाड गादी तयार होई. त्या गादीत काही दाणेदार पेशी दिसत. त्या मूळच्या तिथल्याच की रक्तातून आलेल्या, या एका प्रश्नापायी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचे केस पांढरे झाले होते.

“किती भाबडं असतं शरीर,” असं म्हणून ती पूर्वी हसायची.

तिचं स्वतःचं पोट दोनदा रिकामं झाल्यावर या खेपेला दिवस राहिले आणि टिकले. सासूबाई तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हत्या. आज सकाळी सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “गर्भाची पिशवी आहे, अस्तरही छान आहे. आत बाळ दिसत नाही. पुढच्या आठवड्यात एकदा पाहू.” पुढच्या आठवड्यात पिशवी तेवढी मोठी दिसणार, बाळ नाही, हे सुईबाईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती तशीच कामावर आली. मादीच्या गर्भाशयाला दोन फाटे असतात. एकात तेल सोडायचं, दुसरा तुलनेसाठी कोरा ठेवायचा, हा तिथला पहिला धडा. तिने एकात थेंब सोडला. कोऱ्या फाट्याकडे पाहिलं आणि तिला ते सोसेना. तिने त्यातही सोडला. मग पुढच्या मादीच्या दोन्ही फाट्यांत, मग सगळ्यांच्याच.

सर मागे येऊन उभे होते. “अहो, दोन्हीकडे? आता तुलनेला काय राहिलं?”

“काही नाही राहिलं, सर.”

ते चिडणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी तिच्या हातातली सुई काढून बाजूला ठेवली. महिन्याची मेहनत मातीत गेली होती.

घरी सासूबाईंनी तिच्या पायाखाली उशी सरकवली. नवरा दारात उभा राहून काही बरं ऐकायला मिळेल म्हणून बघत होता.

“पोट जड वाटतंय ना गं?” सासूबाईंनी विचारलं. “म्हणजे आत वाढतंय.”

“हो आई,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “वाढतंय.”

आणि ते खोटं नव्हतं.