लासूर स्टेशनला रॉकी खरात पेटीशिवाय गायला

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. मायक्रोमीटर लावायचा, माप घ्यायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर माल बाजूला... भूतखेत, भानामती, अंगात येणं यातलं काहीच माझ्या मापात कधी बसलं नाही. या सदरातले अनुभव वाचून मी बायकोला म्हणायचो, "या लोकांना पित्त झालंय." आता माझाच अनुभव पाठवतोय म्हटल्यावर ती म्हणाली, "सोडा देऊ का थोडा?"

तर हसायचं ते हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आठवडाभर कारखाना आणि सुट्टीच्या दिवशी मी एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो. पार्टीचे मालक हमीदभाई. त्यांचं हिमरू शालींचं दुकान होतं, आणि अकॉर्डियन असं वाजवायचे की गिऱ्हाईक शाल विसरून ऐकत बसायचं. पण लोक यायचे ते रॉकी खरातसाठी.

रॉकीचं खरं नाव रखमाजी. गाव लासूर स्टेशन. आई लहानपणीच गेली, थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्याला वाढवला. शहरात येऊन तो एका मोठ्या हॉटेलात बेअरर झाला. वेरूळ-अजिंठा बघायला येणारे परदेशी पाहुणे तिथं उतरायचे. त्यातलाच एक काळा अमेरिकन माणूस लेण्यांच्या पायऱ्यांवरून पडला, पाय मोडला आणि महिनाभर हॉटेलातच अडकला. त्याच्याकडं छोटा रेकॉर्ड प्लेअर होता. रॉकी त्याला चहा द्यायला जायचा आणि तासभर परत यायचा नाही. जाताना त्या पाहुण्यानं रेकॉर्डी आणि प्लेअर दोन्ही रॉकीला देऊन टाकलं. रिदम अँड ब्लूज की काय म्हणतात ते गाणं. रॉकी मला समजावून सांगायचा, "परभ्या, यात एकच ओळ दोनदा म्हणायची. पहिल्या बारीला कुणी ऐकतच नाय, म्हणून."

पण नुसतं गाणं कोण ऐकतंय? दोन प्रोग्राममध्ये लोकांनी त्याला बसवलं खाली. मग त्यानं डोकं चालवलं. शहरातल्या छावणी भागात ख्रिश्चन लोकांसाठी शवपेट्या करणारा एक सुतार होता, त्याच्याकडून एक पेटी करून घेतली. आत लाल कापड. रॉकी आधीच आत जाऊन झोपायचा, मी वर झाकण लावायचो. मग अंधार, माझा ड्रम रोल... आणि झाकण उडवून हा काळी शाल पांघरून, हातात नारळाच्या करवंटीची कवटी लावलेली काठी घेऊन, घोगऱ्या आवाजात किंचाळत उठायचा! पोरं आईच्या पदरात. म्हातारे शिव्या देत हसायचे. सिल्लोडला एका माणसानं स्टेजवर चप्पल फेकली, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसानं प्रोग्रामची सुपारी दिली.

पेटीनं त्याला नाव दिलं, पण त्याचं गाणं मात्र खाऊन टाकलं. आवाज खरोखर सोन्यासारखा होता हो त्याचा. त्यानं अक्कासाठी एक साधं गाणं रचलं होतं. हॉटेलच्या मागच्या अंगणात, टेबलावरच्या चादरी वाळत घालताना, एकट्या मला दोन-तीनदा ऐकवलं, तेही अर्धंमुर्धं...

*ताट झाकून ठेव अक्का, गाडीला उशीर हाय,*
*ताट झाकून ठेव अक्का, गाडीला उशीर हाय,*
*निजू नको लौकर, माझा जीव भुकेला हाय.*

हे एकदा उभं राहून, पेटीबिटी न आणता गायचं, एवढीच त्याची इच्छा. स्टेजवर दोनदा प्रयत्न केला, तर पहिला शब्द निघायच्या आत लोक ओरडले, "पेटी! पेटी आण!" आणि अक्का तर ऐकायलाच येत नव्हती. पूर्वी एकदाच आली होती शहरात प्रोग्रामला. भावाला पेटीतून उठताना पाहिलं आणि तशीच बाहेर निघाली. "जित्या माणसानं मढ्याचं सोंग करू नाय," म्हणाली. "पायावर हुबा राहून गाशील तव्हाच बोलव मला." तेव्हापासून रॉकीच्या मनात तेच घर करून बसलं होतं. अक्कानं एकदा ऐकावं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

लासूर स्टेशनलाच प्रोग्राम होता, दुपारी चारला, कारण संध्याकाळी लाइट जायची. स्टेज बाजाराच्या पटांगणात. पटांगण आणि रेल्वेचा प्लॅटफॉर्म यांच्यामध्ये फक्त तारेचं कुंपण. आम्ही सकाळी टेम्पोत सामान आणि पेटी चढवत होतो. रॉकीची ड्युटी बारापर्यंत, तो दुपारच्या पॅसेंजरनं येणार होता. तेवढ्यात त्याची बायको, शांतावहिनी, पळत आली.

"भाऊजी, सकाळी दात घासताना ह्यांच्या डोक्यावर कावळा बसला. चोच मारली वो! हे हसण्यावारी नेऊन गेले ड्युटीला. तुम्ही अक्काकडं जा आन् सांगा... रखमाजी गेले म्हणून."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कावळा डोक्यावर बसला की मरण येतं म्हणतात. त्यावर उपाय असा की जवळच्या माणसाला मेल्याची खोटी बातमी द्यायची. ते माणूस खरं समजून रडलं की संकट टळतं, मग लगेच खरं सांगून टाकायचं.

मी म्हणालो, "वहिनी, कुठल्या जमान्यात आहात? जिवंत माणसाला मेला सांगू?" तर हमीदभाई म्हणाले, "बोल देना मियाँ, क्या जाता तेरा? औरत घबराई सो है." वहिनीच्या डोळ्यात पाणी बघून मी हो म्हटलं. अर्ध्या तासाचं तर काम, असा विचार केला.

दुपारी लासूरला पोचल्यावर अक्काकडं गेलो. ती दारात बसून ज्वारी पाखडत होती. मी म्हणालो, "अक्का... रखमाजी गेला." मला वाटलं होतं हंबरडा फोडेल, मी लगेच पाय धरून माफी मागेन. पण ती रडलीच नाही. सूप खाली ठेवलं.

"कव्हा?"

"सकाळी."

ती उठली, दाराला कुलूप लावलं आणि स्टेशनकडं चालू लागली. मी मागं पळत, "अहो अक्का, खोटं आहे! कावळा बसला होता, म्हणून वहिनीनं सांगायला लावलं!" तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता मला समजवायला खोटं बोलू नको, प्रभाकर."

मी म्हटलं, "साडेतीनच्या पॅसेंजरनं येतोय तो. तुमच्या डोळ्यांनी बघा."

पॅसेंजर आली. माणसं उतरली, पोती उतरली, गाडी गेली सुद्धा. रॉकी नव्हता. अक्कानं तेव्हा माझ्याकडं पाहिलं. औरंगाबादकडं जाणारी गाडी सहाला होती. अक्का तिथंच बाकावर बसून राहिली, आमच्या स्टेजकडं पाठ करून. टेम्पोनं लगेच नेतो म्हटलं तर "तुझ्यासंगं नाय येत" म्हणाली. हमीदभाईंनी स्टेशनमास्तरच्या फोनवरून हॉटेलला कॉल लावायचा प्रयत्न केला, पण लाइन लागेना. पब्लिक जमलं होतं, चार वाजले होते. प्रोग्राम सुरू करावाच लागला.

चार-पाच गाणी झाली. मग लोकांनी सुरू केलं, "रॉकी! पेटी!" पेटी स्टेजवर होती, रिकामी. हमीदभाई माइकवर काहीबाही बोलून वेळ काढत होते. मी ड्रमवर घाम पुसत बसलो होतो.

आणि रॉकी आला.

प्लॅटफॉर्मच्या टोकाकडून चालत आला. भरदिवसा, लख्ख उन्हात... हॉटेलचा पांढरा बंद गळ्याचा कोट, पितळी बटणं, डोक्यावर काही नाही. मागच्या शिडीनं वर चढला. मी म्हणालो, "अरे कुठं होतास? अक्का..." त्यानं नुसता हात वर केला. पेटीकडं बघितलंही नाही. माइक धरला आणि माझ्याकडं वळून बोटानं ठेका दाखवला. संथ. हमीदभाईंनी सूर दिला.

*ताट झाकून ठेव अक्का...*

पहिल्या ओळीला शिट्ट्या, "पेटीत जा!" वगैरे. दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणाला आणि पटांगण गप्प झालं. मी असं गाणं पुन्हा ऐकलं नाही. किंचाळणं नाही, सोंग नाही. माझ्यासमोर चार हातांवर उभा होता तो. कोटाला उजव्या खांद्यावर इस्त्रीची पिवळी खूण होती, तीही दिसत होती मला. हे मुद्दाम लिहितोय, कारण मी माप घेणारा माणूस आहे.

अक्का बाकावरून उठली. कुंपणापर्यंत आली, तार दोन्ही हातांनी धरली आणि तेव्हा ती रडली. ओक्साबोक्शी. बायका धावल्या तिच्याकडं. गाणं संपलं, रॉकीनं तिच्याकडं बघून हात जोडले आणि मागच्या शिडीनं उतरला.

मला वाटलं अक्काकडं गेला. अक्काला वाटलं आमच्याकडं आहे. पाच मिनिटांनी ती स्टेजपाशी येऊन विचारते, "कुठंय रखमा?" आम्ही सगळं लासूर पालथं घातलं. चहाच्या टपऱ्या, मालधक्का, संडास... कुठंच नाही.

टेम्पोनं अक्काला घेऊन निघालो. वाटेत ती मला चांगलीच झापत होती, खोटारडा म्हणून. मीही हसत होतो, म्हटलं चला, जिवंत तर आहे. दिवेलागणीला रॉकीच्या घरी पोचलो तर शेजारीण म्हणाली, "रखमाजीला सरकारी दवाखान्यात नेलंय. दुपारी हॉटेलात पडले. शुद्धीच नाय."

वॉर्डात गेलो. रॉकी पलंगावर, तोंड वाकडं, डोळे मिटलेले. शांतावहिनी त्याचा हात धरून बसलेली. दुपारी एकपासून तिनं तो हात सोडला नव्हता. पलंगाखाली कपड्यांचं बोचकं होतं. मी ओढून बघितलं. पांढरा कोट. सुई टोचायला बाही कात्रीनं कापलेली. उजव्या खांद्यावर इस्त्रीची पिवळी खूण.

वहिनीनं मला एवढंच विचारलं: "भाऊजी, अक्का रडली का?"

"रडली," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले. डॉक्टरांनी आशा सोडली होती, असं नंतर कळलं. एक अंग गेलं ते गेलंच. बोलायचा, पण तोंडात गोटी धरल्यासारखं. गाणं संपलं. त्या दुपारचं त्याला काहीही आठवत नव्हतं. चादरींची घडी घालत होतो आणि मग दवाखान्याचं छत, बस्स.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी दर रविवारी त्याच्याकडं जायचो, आणि दर रविवारी तो मला तेच विचारायचा. "सांग. लोक हसले का?" नाही हसले. "पेटी मागितली?" आधी मागितली, मग गप्प झाले. "कसा गायलो?" एकदम फर्स्ट क्लास, रॉकी, एक सूर इकडचा तिकडं नाही. तो ऐकायचा, मान हलवायचा, पण चेहऱ्यावर आनंद नसायचा. एकदा तर चिडला. म्हणाला, "तो कोण हरामखोर व्हता माझं गाणं गाऊन गेला? मला तर काय मिळालं नाय त्यातलं." दुसऱ्या वेळी म्हणाला, "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतूस. अक्काला नाय का सांगितलंस तसंच." खोटं बोललो होतोच मी. पाचशे माणसांनी ऐकलं होतं, आणि ज्याचं गाणं होतं तोच एकटा मानायला तयार नव्हता. जन्मभर कशावर विश्वास न ठेवणारा मी, त्याला पटवायला शपथा घेत होतो.

एका रविवारी अक्का आलेली होती. तिला त्या दिवसाबद्दल बोलायला आवडायचं नाही. रॉकीनं तिलाच विचारलं, "अक्का, हा म्हणतो लई भारी गायलो. खरंय का?"

अक्का म्हणाली, "चांगलं गायलास. पर शेवटाला चुकलास. 'जीव' म्हणलास आन् थांबलास, पुढचं राहूनच गेलं. ह्यानं ढमढम करून झाकलं."

मी चपापलो. खरं होतं ते. शेवटच्या ओळीला त्याचा श्वास तुटला होता आणि मी रोल मारून सावरून घेतलं होतं. आजारी माणसाला कशाला सांगायचं म्हणून इतकी वर्षं मी लपवलं. वर तुम्हालाही सांगितलं नाही.

रॉकीचा अर्धा चेहरा हसायला लागला, आणि डोळ्यातून पाणी. "तिथं तुटतोच माझा," म्हणाला. "दर बारीला. तुझं तोंड येतं ना डोळ्याफुडं... पुरं म्हणताच नाय आलं कधी मला."

अक्कानं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

आता रॉकी नाही, अक्का नाही, हमीदभाईही गेले. त्या दुपारी माझ्यासमोर कोण उभं होतं, ते आजही माझ्या मापात बसत नाही. दुसरा कुणी म्हणावं तर गाणं माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. भास म्हणावा तर एवढ्या माणसांना एकदम? कावळ्याचं तर मी बोलतच नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा.

अक्का येऊन गेली, त्याच्या पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे मी खुर्ची ओढली होती आणि सुरुवात केली, "तर तू प्लॅटफॉर्मच्या टोकाकडून आलास..."

"राहू दे रे परभ्या," रॉकी म्हणाला. "माहीत हाय मला. मीच व्हतो की."