नावेत चढताना जोडे

वैनगंगेच्या आमच्या घाटावर नावेत चढण्याआधी पायातलं काढतात. नाव म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर जोड्यांनी चढायचं नाही. जोडे हातात घ्यायचे, नावेला हात लावून तो कपाळाला लावायचा, मग पाय टाकायचा. हे नातीला मीच शिकवलं. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

नवी नवरी असताना याच घाटावर मी शहाणपणा केला होता. माहेरच्या नव्या चपला पदरात गुंडाळल्या आणि नाव टेकायच्या आधीच काठावर उडी मारली. नाव मागे सरकली, पुन्हा पुढे आली आणि अंगठा दगड न् नावेच्या मधात चेपला. नख निघालं. आणि ही बावळट महिनाभर लंगडत सगळ्यांना सांगत फिरली, "पण चपलेले एक ओरखडा नाई आला!" सासू हसायची. मला वाटायचं, कौतुक करते.

तेव्हा घाट निदान माती-दगडाचा होता. आता सिमेंटचा उतार केलाय. केलाय म्हणजे वरचा अर्धा. पाण्याजवळचा अर्धा तसाच सोडलेला, सळया बाहेर आलेल्या आणि वर हिरवं शेवाळ.

नात पोलीस भरतीची तयारी करत होती. धावायची परीक्षा आठ दिवसांवर आलेली. सरावाला ती रोज मैत्रिणींसोबत पलीकडच्या मैदानावर जायची. त्या सकाळी मीही सोबत होते. ती जोडे घालूनच उतरत होती, तर मीच ओरडले, "जोडे काढ ना वं! तशीच चढून राह्यली!"

तिने काढले, गळ्यात अडकवले. तिसऱ्या पावलाला घसरली. सळईने तळवा फाडला.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात सात टाके पडले. महिनाभर धावणं बंद. नात एवढंच बोलली, "आजी, जोडे असते तं काईच झालं नसतं." त्यापेक्षा भांडली असती तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घाटावर गेले. उताराचे फोटो काढायला तो बांधणाऱ्या खात्याचे एक साहेब आले होते. पायात जाड तळव्याचे बूट.

"साहेब, बूट काढा न् पाण्यापर्यंत चालून दाखवा."

"कशाला, आजी? मला कुठे नावेत बसायचंय?"

"म्हणूनच तं असा बांधला!"

त्यांनी वरच्या अर्ध्याचा फोटो काढला आणि गेले. मी नावाड्याकडे वळले. "भाऊ, उद्यापासून पोरी जोडे घालून चढतीन."

"काऊन बाई? एकाले बुटासकट बसवलं तं तूच मले शिव्या देल्या होत्या!"

"देल्या. गाढव होती मी. तुही लक्ष्मी खराब झाली तं मी धुऊन देईन."

तेव्हापासून धुते. पोरी पलीकडे उतरल्या की नाव परत येते आणि मी आतला चिखल काढते.

परीक्षेच्या दिवशी नातीच्या मैत्रिणी जोडे घालून नावेत चढल्या. ती घरी उशीवर पाय ठेवून पडली होती. त्या दिवशी मी नाव जरा जास्तच घासली.

"बाई, रंग निघून राह्यला," नावाडी म्हणाला.

"निघू दे," मी म्हटलं.