झिजलेली पट्टी

नातवानं गाडी पुसायला काढली की पेट्रोलचा वास येतो, अन् मी अंबडच्या आमच्या अंगणात जाते.

बापूंची, माझ्या वडलांची, फटफटी विकायची होती. आईला पाय ठेवायला त्यांनी लोहाराकडून डावीकडं लोखंडी पट्टी लावून घेतल्ती. पण आजोबांच्या धाकानं आई वेशीपर्यंत चालत जायची अन् मंग बसायची.

भोकरदनचं गिऱ्हाईक म्हणालं, “गाडी बिलकुल नवी, मंग ही पट्टीच कशी झिजली?”

बापू उगीच टाकी पुसाया लागले. आई दाराआड.

आजोबा सुपारी कातरत म्हणाले, “सूनबाई बसती. म्हणून तर ह्यानं गाडी जपून चालवली.”

गाडी द्यायच्या आधी आई पहिल्यांदाच अंगणातून तिच्यावर बसली. आजोबांना वेशीपल्याडचं हे बसणं कधीपासून ठाऊक होतं, ते मला अजून उमगलं न्हाई.