मिस्कीच्या नाकावरचा ओरखडा

माझा दीर सेवेरो आमच्या खाणींच्या गावच्या, ओरुरोच्या कार्निव्हलसाठी पत्र्याचे सैतानाचे मुखवटे घडवतो; ते घालून लोक खाणकामगारांच्या देवीपुढे, खाणमातेपुढे, नवसाचा नाच करतात. हातात कला आहे, पण स्वतःची चूक कबूल करणं त्याच्या रक्तात नाही. मुखवटा आतून टोचतो अशी कुणी तक्रार केली की तो म्हणायचा, "खाणमातेपुढे नाचायचा नवस बोललास ना? मग तो थोडा टोचणारच." नाचणारे बिचारे मान डोलवायचे आणि नाकाला पट्टी लावून नाचायचे.

आमची मिस्की मांजर कधी उंबरठा ओलांडत नाही, तरी तिच्या नाकावर सारखा नवा ओरखडा दिसायचा. सेवेरोने शेजारच्या बोक्यावर आळ घेतला, शेजारणीशी भांडण उकरून काढलं, खिडकीला जाळी ठोकली. ओरखडे काही थांबेनात.

परवा मी घरातल्याच त्याच्या कामाच्या खोलीत चहा द्यायला गेले, तर मिस्की पोकळ बाजू वर करून ठेवलेल्या मुखवट्यात डोकं खुपसून आतल्या बंदाशी खेळत होती. डोकं बाहेर काढलं तेव्हा नाकावर रक्त होतं. मी आत बोट फिरवलं. नाकापाशी पत्र्याची कड तशीच धारदार राहिली होती.

"भावजी," मी विचारलं, "ही कुठला नवस बोलली होती?"

मग त्याने तो मुखवटा उचलून स्वतःच्या तोंडावर चढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. काढला तेव्हा त्याचंही नाक सोललं होतं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "जरा ती कानस द्या."