तोंड नसलेले बोल्ट

हातोडीचा एक टोला, मग कान लोखंडाला, आणि मोकळा हात माझ्या तोंडासमोर आडवा: "पयले आयकू दे!" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लोखंडाचं ऐकायला त्यांना वेळ असतो, माणसाचं ऐकायला नसतो. माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

रायपूरच्या शेडमध्ये नॅरोगेजच्या छोट्या लाइनचं वाफेचं जुनं इंजिन पुन्हा चालतं करायचं काम निघालं. ज्या भनपुरीत मी लोखंडाचा कीस झाडत मोठा झालो, तिथल्याच माझ्या लेथवर सुटे भाग बनणार होते. इंजिनावर माझ्या कारखान्याची पितळी पाटी लागायची होती. पण भाग पास करणार होते ते हे लोखंड ऐकणारे काका: रिटायर्ड बॉयलर फिटर, मूळचे भंडाऱ्याचे, तेलीबांध्याहून सायकलने येणारे.

बॉयलरचे दोन पत्रे जखडून ठेवणारे बोल्ट मी घेऊन गेलो. भरीव, चकाकते. त्यांनी एक उचलला, टोक पाहिलं, खडूने फुली मारली. मग सगळ्यांवर. रेल्वेच्या साहेबांसमोर.

"काहून?" मी ओरडलो.

"याले तोंड कुठाय?"

जुन्या बोल्टच्या टोकाला बारीक भोक होतं. बोल्ट आत तडकला की तिथून वाफ येते आणि बाहेर कळतं. मला तो गंजाने पडलेला खड्डा वाटला होता, म्हणून माझे मी भरीव केले.

"काका, अर्धे तरी घ्या!"

"सौदा माह्यासंग कर. वाफेसंग कसा करशीन, पोट्ट्या?"

पन्नाशीच्या माणसाला पोट्ट्या! साहेब लोक हसले.

सगळ्यांना भोकं पाडून आणली. त्यांनी एकेक वाजवून बसवला, पण बरं झालं असं एकदाही म्हणाले नाहीत. पाटीचं विचारलं की, "पयले आयकू दे!"

चाचणीच्या आधीच ते वारले. मी अंत्ययात्रेला गेलो नाही.

चाचणीला हार आले, साहेब आले. वाफ चढली, शिटी वाजली, टाळ्या पडल्या. पाटी लावायला मी वाकलो, तर एका बोल्टच्या टोकातून पांढरी रेघ सुटलेली. माझ्याच बोल्टातून. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं.

"चलाओ, भैया!" साहेब ड्रायव्हरला म्हणाले.

पाटी हातात होती. दोन स्क्रू पिळले की झालं असतं.

"आग गिराओ, भट्ठी खाली करो," मी म्हणालो. मग ओरडलो. चाचणी थांबली, लोक घरी गेले, हार तसेच राहिले.

बॉयलर थंड झाल्यावर शेडच्या खिडकीतला त्यांचा खडू घेतला आणि माझ्या बोल्टवर फुली मारली. जरा वाकडी आली. ते असते तर त्यावरही बोलले असते.