लूमच्या तालावर श्वास

नव्वदच्या दशकात मी सुरतेच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. श्वास देणारी मशीनं मोजकीच, आणि ती कधी रिकामी नसायची. मग नातेवाइकांच्या हातात नळीतून छातीत हवा भरणारा रबरी फुगा द्यायचा आणि बजावायचं, दाबत राहा, थांबलात की संपलं.

पावसाळ्यात एका सकाळी उधन्याहून एक खानदेशी लूम कामगार बायकोला खांद्यावर घेऊन आला. जमिनीवर झोपली होती, मण्यार चावली. पापण्या उघडेनात, श्वास बंद पडत चाललेला. डॉक्टरांनी घशात नळी घातली, सापाचं औषध सुरू केलं आणि फुगा नवऱ्याकडे दिला. पठ्ठ्या लागला की खटाखट दाबायला, थेट लूमच्या तालावर! रोज बारा तास तोच ताल कानात, दुसरा येणार कुठून?

"अरे बाबा, कापड विणतोयस का? छाती खाली बसू दे तिची!" मी ओरडले. "तू श्वास घेशील तेव्हा दाब."

तर घाबरून हा स्वतःचाच श्वास रोखून उभा! अस्सा संताप आला मला. हात धरून शिकवलं, तेव्हा जमलं. पण माझं मन काही थाऱ्यावर येईना. दुसऱ्या पेशंटला सुई टोचतानाही कान त्या फुग्याकडे.

दुसऱ्या दिवशी गावाहून त्याचा थोरला भाऊ आला. भावजयीची पापणी वर करून बघितली आणि म्हणाला, "गयी ती. आते र्‍हाऊ दे, भो."

आणि याचा हात थांबला!

मी धावत जाऊन फुगा हिसकावला, दाबायला लागले. "जिवंत आहे ती! विषाने अंग लुळं पडलंय, कान शाबूत आहेत. सगळं ऐकतेय!"

"मंग हालत का नही?" थोरल्याने विचारलं.

काय दाखवणार होते मी? बोटसुद्धा हलत नव्हतं. एका हाताने फुगा दाबत मी नवऱ्याची बोटं तिच्या मानेवर, नाडीवर टेकवली. "बायको तुझी आहे. बोल, काय करू?"

त्याने भावाकडे पाहिलंच नाही. माझ्या हातातून फुगा घेतला.

पुढे तो धड जेवला नाही, झोपला नाही. मी फुगा हातात घेऊन दटावून उठवायची तेवढाच बाजूला व्हायचा. शेवटी तिच्या पायाचा अंगठा हलला, मग पापणी, मग हळूहळू श्वास. नळी काढली तेव्हा आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे.

घोगऱ्या आवाजात ती नवऱ्याला म्हणाली, "तुमना हात दुखस का?"

इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेला गडी ओक्साबोक्शी रडायला लागला.