तानाबाईंचा मुक्काम

भवानी पेठेत आमच्या घरापासून जवळच धुळाप्पा आणि तानाबाई राहतात. धुळाप्पांचं आयुष्य टेम्पोतून चादरींचे गठ्ठे वाहण्यात गेलं. तानाबाई सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक. लग्नापर्यंत वर्षातले कितीतरी महिने त्यांचं घर घोड्याच्या पाठीवर असायचं. शहरात आल्यावर त्यांनी भाजी विकली, मुलगी शिकवली. बोलणं मोजकं. पण घरी आलेला माणूस निघाला, की त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला येणार. दारातून निरोप देणं त्यांना जमतच नाही.

काम थांबल्यावर धुळाप्पांनी टेम्पो विकला नाही. गाडीतच राहून देश हिंडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ सोनालीनं, त्यांच्या मुलीनं, मोबाईलवर दाखवले होते. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात घरगाडी शिरली. टेम्पोच्या मागच्या भागात फळ्यांचा पलंग झाला, पाण्याची टाकी बसली, शेगडी आली. जायचं ठरलं चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात, गवे बघायला.

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून रस्ता ठरवायला मला बोलावलं. मिरज, इस्लामपूर, शिराळा. उद्यानात रात्री राहता येत नाही, तेव्हा अलीकडेच कुठंतरी मुक्काम हवा होता.

"वारणंच्या काठाला बिरोबाचा माळ हाय की," धुळाप्पा म्हणाले. "तितं गाडी लावू."

तानाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी येत न्हाय."

धुळाप्पांना वाटलं, लहानपणी उघड्यावर काढलेले दिवस हिला नको झालेत. मग त्यांनी खिडक्यांना जाळी बसवली, पंखा लावला, पलंगावर जाड गादी टाकली.

"आता तरी? अगं, राजवाडा केलाय गाडीचा!"

"मग राजवाड्यात तुमीच झोपा."

असं बरेच दिवस चाललं. एकदा मी ओट्यावर बसलो असताना धुळाप्पा पडद्यांची दोन कापडं घेऊन आले आणि यातलं कुठलं, असं विचारू लागले. तानाबाईंनी कापडं हातात घेतली आणि तशाच खाली बसल्या.

"त्या माळावर माझा गुरु हाय," त्या म्हणाल्या.

गुरु त्यांचा धाकटा भाऊ, नुकता चालायला लागलेला. मेंढरांबरोबर फिरताना तापानं गेला. माळाच्या कडेला त्याला मातीत ठेवलं आणि त्याच दिवशी वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उठला, कारण चारा संपला होता आणि पुढचा शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायला वाट पाहत होता. त्यांच्या घराण्यात रीत अशी, की जिथं आपलं माणूस ठेवलं तिथं पुन्हा वाडा बसवायचा नाही. पुढं दर वर्षी मेंढरं त्याच माळावरून जायची, न थांबता.

"आई मान खाली घालून चालायची. एकदा जरा थांबली, तर आजा मागनं वरडला, चल."

धुळाप्पांनी कापडं घडी घालून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, "दुसऱ्या वाटंनं जाऊ, ताना."

"नगं. तीच वाट. पण दादाला इचारा."

जोतिरामदादा तानाबाईंचे थोरले भाऊ. आजा आणि वडलांनंतर घराण्यातला शब्द त्यांचा. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दिसा बसा," ते म्हणाले. "निवद दाखवा. दिस मावळायच्या आत निघा."

त्याप्रमाणे बेत बदलला. माळावर फक्त दुपार, मुक्काम पुढच्या गावात.

दिवाळीनंतर ते गेले. पुढचं मला दोघांकडून थोडं थोडं कळलं. माळाचा बराच भाग आता उसाखाली गेला होता. नेमकी जागा तानाबाईंना ओळखता येईना. "ह्या अंगाला हुतं... का त्या?" असं म्हणत त्या बांधाबांधानं फिरल्या. शेवटी एका बाभळीजवळ त्यांनी दगड मांडून चूल पेटवली. गाडीतली शेगडी त्यांनी काढूच दिली नाही. दूधभात केला, पानावर वाढला आणि शेजारी बसून राहिल्या.

ऊन कललं. धुळाप्पांनी भांडी गाडीत ठेवली, इंजिन सुरू केलं.

"ताना, चल."

त्या उठल्या नाहीत.

"आईला चल म्हणलं, तवा ती गेली. मी न्हाय जायची."

"आणि दादा?"

"दादाला मी सांगते."

धुळाप्पांनी इंजिन बंद केलं. पलंगावरची गादी ओढून काढली आणि चुलीपाशी आणून अंथरली.

दुसऱ्या दिवशी उद्यान झालं, गवेही दिसले. त्याबद्दल तानाबाई फारसं सांगत नाहीत. मात्र उद्यानाच्या दारातूनच त्यांनी जोतिरामदादांना फोन केला आणि रात्र तिथंच काढली, हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

मग दादांनी विचारलं, "रातीला थंडी असती का गं तितं?"

"असती," तानाबाई म्हणाल्या. "पण वारा लागत न्हाय, दादा. बांध आडवा हाय."